बसते, पण चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सुट्टीत स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचं तिनं ठरवलंय. व्हिडिओ एडिटिंग शिकायचं आहे म्हणते. घरातल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून आम्ही 8 जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम काढून ठेवल्या आहेत. दुकानात नवी डीडीआर5 रॅम हातात घेऊन पाहिली, तर लांबी तेवढीच आणि पिना दोन्हींना 288. तरी एक दुसरीच्या जागी बसत नाही म्हणतात. असं का? आणि आमच्या या जुन्या रॅम चालतील असा नवा मदरबोर्ड आज मिळेल का? - एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरा आणि खालची कड बघा. सोनेरी पिनांच्या रांगेत एक खाच दिसेल. ती बरोबर मधोमध नसते, म्हणून पट्टी उलटी बसू शकत नाही. आता दोन्ही खाचांची जागा ताडून पाहा. डीडीआर5 ची खाच डीडीआर4 पेक्षा मध्याच्या अधिक जवळ आहे. फरक थोडासाच, पण मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये नेमक्या त्या जागी प्लॅस्टिकचा उंचवटा असतो. खाच त्यावर आली नाही तर पट्टी खाली उतरतच नाही. डीडीआर2 आणि डीडीआर3 या दोघींना 240 पिना होत्या, तिथेही हीच युक्ती केलेली होती.

ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे, आणि तिची गरज आहे. मेमरीचे नियम जेडेक नावाची संस्था ठरवते. डीडीआर4 चे नियम तिनं 2012 मध्ये जाहीर केले, डीडीआर5 चे जुलै 2020 मध्ये. मधल्या काळात पट्टीला वीज देण्याची पद्धतच बदलली. डीडीआर4 ला लागणारा 1.2 व्होल्टचा पुरवठा मदरबोर्ड तयार करून देतो. डीडीआर5 च्या पट्टीला मदरबोर्ड 5 व्होल्ट देतो आणि त्यातून 1.1 व्होल्ट बनवण्याचं काम पट्टीवरचीच एक छोटी चिप करते. शिवाय डीडीआर4 मध्ये माहितीच्या 64 तारा एकत्र काम करतात, तर डीडीआर5 मध्ये त्या 32-32 च्या दोन स्वतंत्र गटांत विभागलेल्या असतात. त्यामुळे पिनांची संख्या सारखी असली तरी कुठली पिन कशासाठी, हे पूर्ण वेगळं आहे. खाच एकाच जागी ठेवली असती तर कुणीतरी डीडीआर4 ची पट्टी डीडीआर5 च्या स्लॉटमध्ये दाबलीच असती, आणि नको त्या पिनेवर नको तो दाब गेला असता. म्हणून मुलीला पहिली सूचना हीच द्या. पट्टी जात नसेल तर जोर लावायचा नाही, आधी खाच बघायची.

खाच मात्र एवढंच सांगते की पट्टी आणि स्लॉट एका पिढीचे आहेत. ती रॅम त्या बोर्डावर चालेल का, चालली तर पूर्ण वेगानं चालेल का, हे ती सांगत नाही. घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचे पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. पट्टी छान बसते, कड्या टक् करून लागतात, आणि डिस्प्ले येत नाही. किंवा डिस्प्ले येतो, पण ज्या वेगासाठी जास्त पैसे मोजले तो वेग कधीच मिळत नाही. आणि हे वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही.

मग चालेल की नाही हे ठरवतं कोण? मदरबोर्ड, असं बहुतेकांना वाटतं. पूर्वी ते खरंही होतं, कारण रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर बोर्डवरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा. एएमडीनं 2003 मध्ये अ‍ॅथलॉन 64 पासून तो प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलनं 2008 मध्ये पहिल्या कोअर आय7 पासून. आज रॅम कुठली चालेल याचा पहिला शब्द प्रोसेसरचा. बोर्ड स्लॉट, तारा आणि बायोस पुरवतो. म्हणून नवा कॉम्प्युटर जोडताना क्रम असा ठेवावा : आधी प्रोसेसर, त्याला साजेसा बोर्ड, आणि मग त्या दोघांना चालणारी रॅम. तुमच्याकडे रॅम आधीच आहे, म्हणजे तुम्हाला उलट बाजूनं जायचं आहे. डीडीआर4 शी बोलणारे प्रोसेसर आजच्या बाजारात कोणते, तिथून सुरुवात करायची.

वाटा दोन आहेत. एक एएमडीची एएम4 सॉकेट. 2016 मध्ये आलेल्या या सॉकेटवर फक्त डीडीआर4 चालते, आणि रायझन 5 5600 सारखे त्यावरचे प्रोसेसर शिकाऊ एडिटिंगला आजही पुरेसे आहेत. दुसरी वाट इंटेलच्या एलजीए1700 सॉकेटची, म्हणजे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर. हे प्रोसेसर डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्ही ओळखतात, पण बोर्डावर स्लॉट सहसा एकाच जातीचे असतात. एएमडीची 2022 ची एएम5 सॉकेट आणि इंटेलची 2024 ची एलजीए1851 या दोन्हींवर फक्त डीडीआर5 चालते. तिथे तुमच्या पट्ट्यांचा काहीही उपयोग नाही.

एलजीए1700 चा बोर्ड घेताना नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. गिगाबाइटचा बी760एम डीएस3एच हा बोर्ड घ्या. नावाच्या शेवटी डीडीआर4 छापलेलं असेल तर तो डीडीआर4 चा, काहीच छापलेलं नसेल तर डीडीआर5 चा. असूसच्या बोर्डांवर डीडीआर4 ची खूण म्हणून शेवटी डी4 येतं. लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत किंवा फोनवर ऑर्डर देताना हे शेपूट गाळलं जातं, आणि घरी आलेल्या खोक्यात दुसराच बोर्ड निघतो. पाकीट फोडलेला बोर्ड परत घ्यायला दुकानदार का-कू करतात. म्हणून बिल करण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून द्या आणि खोक्यावरच्या स्टिकरशी ताडून पाहा.

चिपसेटही बघायला हवा. एलजीए1700 चे स्वस्तातले बोर्ड एच610 चिपसेटचे असतात. त्यांच्यावर सहसा दोनच स्लॉट असतात, आणि रॅमचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे नेता येत नाही. डीडीआर4 साठी ही मर्यादा 3200 आहे. त्यावर कुणी 3600 ची रॅम लावली तर वरच्या वेगाचे पैसे वाया. तुमच्या दृष्टीनं मोठी अडचण स्लॉटांची. तुमच्या दोन पट्ट्या लावल्या की बोर्ड भरला. व्हिडिओ एडिटिंगला 16 जीबी ही सुरुवात आहे, 32 जीबीला काम मोकळं होतं. दोन स्लॉटांच्या बोर्डावर ती वाढ करायची तर जुन्या दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागतील. मी तुमच्या जागी असतो तर थोडे पैसे वाढवून बी760 किंवा बी660 चा चार स्लॉटांचा डीडीआर4 बोर्ड घेतला असता. एएमडीच्या बाजूला जायचं तर बी550.

आता त्या पट्ट्यांचं स्टिकर वाचा. ब्रँडेड कॉम्प्युटरमधून निघालेल्या पट्टीवर साधारण अशी ओळ असते : 8जीबी 1आरएक्स8 पीसी4-2400टी-यूए2-11. पीसी4 म्हणजे डीडीआर4. 1आरएक्स8 म्हणजे चिपांची एकच रांग आणि प्रत्येक चिप 8 तारांची, म्हणजे 64 तारांसाठी आठ चिपा. 2400 हा वेग. त्यापुढच्या रेघेनंतरचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. यू असेल तर ती घरगुती डेस्कटॉपची साधी पट्टी. एस असेल तर लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. तुमच्या पट्ट्यांवर यू आणि 3200 असेल तर उत्तमच, कारण एएम4 चे रायझन 5000 आणि एलजीए1700 या दोन्हींचा डीडीआर4 साठीचा अधिकृत वेग तोच आहे. 2400 किंवा 2666 असेल तरी चालेल. एडिटिंगमध्ये थोडा फरक जाणवेल, पण रॅम कमी पडल्यावर कॉम्प्युटर जसा अडकतो तसा अडकणार नाही.

वेगाच्या आकड्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की त्यावरून दुकानात भांडणं होतात. 3200 ची रॅम लावून सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उघडलं की त्यात 1600 मेगाहर्ट्झ दिसतं, आणि अर्धीच रॅम दिली असं गिऱ्हाइकाला वाटतं. डीडीआर मेमरी घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते. 1600 ठोक्यांचे 3200 व्यवहार होतात, आणि पट्टीवर छापतात तो व्यवहारांचा आकडा. 1600 दिसलं म्हणजे सगळं ठीक आहे. 3200 च्या पट्टीला सीपीयू-झेडनं 1066 किंवा 1333 दाखवलं तर मात्र काम बाकी आहे. प्रत्येक पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिची कुंडली लिहिलेली असते. बायोस सुरुवातीला ती वाचतो आणि जेडेकचा सुरक्षित, बेताचा वेग लावून मोकळा होतो. 6000 ची म्हणून घेतलेली डीडीआर5 रॅम बऱ्याचदा 4800 वरच चालत राहते ती यामुळे. खोक्यावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो हा पर्याय चालू करावा लागतो. एएमडीच्या डीडीआर4 बोर्डांवर याला डीओसीपी किंवा एक्सएमपी अशी नावं आहेत.

वेगाबरोबर सीएल नावाचा आकडा छापलेला असतो, त्याकडे सहसा कुणी बघत नाही. नगरपालिकेच्या नळासारखं आहे. तोटी सोडल्यावर पहिलं पाणी यायला वेळ लागतो, आणि मग धार किती जाड हे वेगळं. सीएल पहिल्या पाण्याचा हिशेब सांगतो, पण ठोक्यांत. नॅनोसेकंद काढायचे तर सीएलला 2000 नं गुणायचं आणि वेगानं भागायचं. 3200 सीएल16 चे होतात 10 नॅनोसेकंद. 6000 सीएल30 चेही 10. म्हणजे आकडा जवळजवळ दुप्पट झाला, धार जाड झाली, पण पहिल्या थेंबाची वाट तेवढीच राहिली. 3200 सीएल22 चे मात्र 13.75 होतात. दोन पट्ट्यांवर 3200 छापलेलं असून एक स्वस्त आणि एक महाग का, याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

तर जुन्या रॅमसाठी जुनी सॉकेट घ्यावी का? 2025 च्या अखेरीला डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर भडकले, तेव्हा हातात असलेली चांगली 16 जीबी रॅम ही खरी बचत आहे. मुलीला हे शिकायचं आहे, मशिन लगेच लागणार आहे, आणि खर्च हात राखून करायचा आहे. या परिस्थितीत डीडीआर4 ची वाट मला योग्य वाटते. पुढची पाच-सात वर्षं त्याच बोर्डवर नवनवे प्रोसेसर बदलत जायचं मनात असेल, तर मात्र एएम5 घ्या. 2027 आणि त्यापुढेही ती सॉकेट चालू ठेवू असं एएमडीनं जाहीर केलेलं आहे, तर एएम4 आणि एलजीए1700 वर यापुढे फार काही नवं येणार नाही. त्या वाटेनं गेलात तर 16 जीबीच्या दोन डीडीआर5 पट्ट्यांची जोडी घ्या आणि जुन्या पट्ट्या विकून टाका. दोन्हींच्या मध्ये अडकू नका. डीडीआर5 चा बोर्ड घेऊन त्यात 8 जीबीची एकच पट्टी लावली तर नव्या पिढीचा फायदाही मिळत नाही आणि जुन्या रॅमही वाया जातात.

पैसे देण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पान उघडा. सपोर्ट या भागात दोन याद्या असतात. पहिली प्रोसेसरची, आणि तिच्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. बी450 सारखा जुना बोर्ड आणि रायझन 5 5600 ही जोडी कागदावर जुळते, पण दुकानातल्या बोर्डमध्ये जुना बायोस असेल तर मशिन उठणारच नाही. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेल्या बोर्डवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. घरी जोडणाऱ्याला ते बटण फार उपयोगी पडतं. बटण नसेल तर दुकानातूनच अपडेट करून घ्या. दुसरी यादी मेमरीची, क्यूव्हीएल या नावाची. कंपनीनं तपासून पाहिलेल्या पट्ट्या तिच्यात मॉडेल नंबरांसह दिलेल्या असतात. यादीत नसलेली रॅम चालणार नाही असं मुळीच नाही, बाजारातली प्रत्येक पट्टी कुणी तपासत नाही. पण यादीत असेल तर काळजी बरीच कमी होते, विशेषतः डीडीआर5 च्या 6000 आणि त्यावरच्या वेगांत. 24 आणि 48 जीबीच्या डीडीआर5 पट्ट्या 2023 मध्ये आल्या. त्याआधी बनलेल्या बोर्डाला त्यांच्यासाठीही नवा बायोस लागतो.

आणि प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा कुलर घेणार असाल तर उंची मोजा. साधी पट्टी साधारण 31 मिलिमीटर उंच असते. रंगीत दिव्यांच्या पट्ट्या त्याहून बऱ्याच उंच असतात आणि कुलरच्या पंख्याला अडतात. दिव्यांचे पैसे क्षमतेत घाला, एवढंच मुलीला सांगेन.

प्रश्न : जुन्या सर्व्हरमधून निघालेली 16 जीबीची डीडीआर4 रॅम निम्म्याहून कमी भावात मिळते आहे. घरच्या कॉम्प्युटरला लावू का? - एक वाचक, नागपूर

उत्तर : स्टिकरवर वेगानंतर आर हे अक्षर असेल तर घेऊ नका. ती रजिस्टर्ड रॅम आहे. प्रोसेसर आणि मेमरी चिपा यांच्यामध्ये तिच्यावर आणखी एक चिप बसवलेली असते, आणि घरगुती प्रोसेसरांना तिच्याशी बोलता येत नाही. स्टिकर निघालेलं असेल तर पट्टीच्या मधोमध बघा, इतर चिपांपेक्षा वेगळी दिसणारी एक चिप आढळेल. चिपांची संख्याही आठाच्या पटीत न येता नऊच्या पटीत येते, कारण चुका पकडण्यासाठी प्रत्येक आठामागे एक चिप जास्त असते. डीडीआर4 मध्ये घोटाळा असा की सर्व्हरच्या आणि घरच्या पट्टीची खाच एकाच जागी आहे. पट्टी व्यवस्थित बसते, पण मशिन सुरू होत नाही. डीडीआर5 मध्ये सर्व्हरच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी नेऊन ही सोय केलेली आहे.

सेकंडहँड घेताना असेच सापळे प्रोसेसरांतही आहेत. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीची आणि आठव्या-नवव्या पिढीची सॉकेट नावानं एकच, एलजीए1151. आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डात आरामात बसतो. पण कंपनीच्या हिशेबानं ती जोडी चालत नाही.

प्रश्न : माझ्या बोर्डावर चार स्लॉट आहेत. 8 जीबीची एक पट्टी आहे. पुढे पैसे येतील तशी एकेक वाढवत नेली तर? - एक वाचक, पणजी

उत्तर : डीडीआर4 मध्ये हे बऱ्याचदा निभावून जातं, डीडीआर5 मध्ये नाही. घरगुती प्रोसेसरांना मेमरीकडे जाणारे दोन चॅनल असतात. एकच पट्टी लावली तर एक चॅनल रिकामा राहतो आणि धार निम्मी होते. ग्राफिक्स कार्ड नसेल, रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर काम चालत असेल, तर हा फरक गेममध्ये लगेच दिसतो. म्हणून दुसरी पट्टी शक्य तितक्या लवकर घ्या. तिची क्षमता, वेग आणि सीएल पहिलीसारखे असू द्या. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगानं चालतात. 8 आणि 16 अशी विजोड जोडी लावली तर दोन्हींचे आठ-आठ जीबी मिळून वेगानं धावतात आणि उरलेले आठ एका चॅनलवर राहतात. वाया काही जात नाही.

मॉडेल नंबर तोच असला तरी वर्षभरानं घेतलेल्या पट्टीवर चिपा दुसऱ्या कारखान्याच्या असू शकतात. म्हणूनच दोन पट्ट्या एकाच खोक्यात, जोडी म्हणून तपासून विकतात. डीडीआर5 साठी जोडीच घ्या, आणि दोनच पट्ट्यांवर थांबा. एका चॅनलच्या दोन्ही स्लॉटांना त्याच तारा जातात. चारही भरले की त्या तारांवरचा भार वाढतो आणि वेग उतरवावा लागतो. रायझन 7000 साठी एएमडीनं दिलेले अधिकृत आकडे बघा : दोन पट्ट्यांना 5200, चार पट्ट्यांना 3600. म्हणजे 8 जीबीच्या चार पट्ट्यांपेक्षा 16 जीबीच्या दोन केव्हाही बऱ्या.

दोन पट्ट्या चार स्लॉटांत कुठे लावायच्या, हेही इथेच सांगतो. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. बहुतेक बोर्डांवर त्यांना ए2 आणि बी2 अशी नावं असतात. बोर्डवरची तार दुसऱ्या स्लॉटपाशी संपते. पट्टी पहिल्यात लावली तर तारेचं पुढचं टोक मोकळं राहतं, तिथून सिग्नल परत उलटतो आणि वरच्या वेगांना चुका होतात. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या तर दुसरा चॅनल रिकामाच राहतो. दिसायला ते नीटनेटकं दिसतं, त्यामुळे खूप घरांत तसं लावलेलं असतं. तुमच्या बोर्डच्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेलं असेल.

प्रश्न : सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. रॅम खराब निघाली का? - एक वाचक, बेळगाव

उत्तर : डीडीआर5 असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड प्रत्येक पट्टीशी जुळवून घेत असतो आणि तोवर पडदा काळा राहतो. एएम5 च्या बोर्डांवर याला काही मिनिटं लागू शकतात, पट्ट्या मोठ्या असतील तर आणखी. घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. 15 मिनिटं तरी हात लावू नका.

मग ग्राफिक्स बघा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरांत ग्राफिक्स नसतं, साध्या रायझन 5 5600 मध्येही नसतं. कार्डाशिवाय त्यांना डिस्प्ले येणारच नाही, आणि कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावावी लागते, बोर्डाला नाही. तिथे सगळं बरोबर असेल तर बोर्डच्या कडेला छोटे दिवे शोधा. त्यांतला डीरॅम लिहिलेला दिवा पेटून राहिला असेल तर संशय रॅमवर घेता येईल.

एसएमपीएसचं बटण बंद करा, केबल काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. घाटावरच्या कोरड्या थंडीत हे विसरू नका. एकच पट्टी ए2 मध्ये लावून बघा, मग दुसरी. दोन्ही कड्या लागेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पट्टी हेच बहुतेक वेळा कारण असतं, खराब पट्टी क्वचितच. पट्टी जुनी असेल तर पिना खोडरबरानं पुसण्याची आपल्याकडची रीत चालेल, पण रबर मऊ आणि पांढरं हवं, हात हलका हवा, आणि चुरा झटकून टाकायला हवा. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती फडकं मिळालं तर तेच वापरा.

ए2 मध्ये दोन्ही पट्ट्या चालतात आणि बी2 मध्ये एकही चालत नाही, असं झालं तर रॅमचा दोष नाही. प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. एखादी पिन वाकलेली असेल, किंवा कुलर एका बाजूनं जास्त आवळला गेला असेल. कुलरचे स्क्रू आडव्या-तिडव्या जोडीनं, थोडे थोडे आवळत परत बसवा. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्यावर डिस्प्ले गेला असेल तर बोर्डवरचा सीआर2032 सेल काही मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ जागी येतो.

डिस्प्ले आला की विंडोज टाकण्याआधी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट86+ घेऊन रात्रभर चालवा. ते फुकट मिळतं. एकही लाल ओळ यायला नको. आली तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. तरीही आली तर एकेक पट्टी वेगळी तपासून दोषी शोधा आणि बिलासह दुकानात घेऊन जा. बहुतेक कंपन्यांची रॅमवरची वॉरंटी लांब मुदतीची असते, पण जोडीतली एक बिघडली तरी दोन्ही पट्ट्या एकत्रच बदलून मागा.